जखम पायाला, मग धाप का लागते?

केळीच्या बागेत पिलं कापताना विळा निसटून पोटरीला लागतो. हळद भरून फडकं बांधलं की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. चार-पाच दिवसांनी पाय टम्म सुजतो, थंडी वाजून ताप भरतो आणि मग असं काही सुरू होतं ज्याचा पायाशी संबंधच लागत नाही. ‘दम लागी ऱ्हायना’ म्हणत माणूस रात्री उठून बसतो. दवाखान्यात नेल्यावर छातीचा एक्स-रे दोन्ही बाजूंनी पांढरा येतो. बाहेर थांबलेली मुलं विचारतात: लागलं पायाला, खोकला नाही, कफ नाही, मग फुप्फुसं कशी खराब झाली?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला घाईघाईत मिळणारं ‘इन्फेक्शन अंगात पसरलं’ हे उत्तर अर्धवट आहे. अशा पुष्कळ रुग्णांच्या फुप्फुसांत जंतू पोहोचलेलेच नसतात. फुप्फुसांची नासधूस करते ती जंतूंशी लढायला उठलेली शरीराची स्वतःची यंत्रणा. हे एकदा नीट कळलं की उपचारांतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो: सलाईन मोजून का देतात, रुग्णाला पालथं का झोपवतात, आणि सूज उतरवणारं एखादं जोरदार इंजेक्शन देऊन हे सगळं थांबवता का येत नाही.

या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली तज्ज्ञांनी तिची व्याख्या नव्याने केली. जंतुसंसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद बिघडतो, त्यातून स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, तो सेप्सिस. रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत अशी अट या व्याख्येत नाही. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, कोरं येऊनही सेप्सिस असू शकतो. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि १.१ कोटी लोक त्यात गेले, असा अंदाज आहे. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक. त्याची सुरुवात न्यूमोनियातून होते, लघवीच्या संसर्गातून होते, बाळंतपणानंतर होते, फुटलेल्या अपेंडिक्समधून होते, मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेतून होते.

मग त्यात फुप्फुसंच इतक्या लवकर का सापडतात? पायातून निघालेलं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून थेट फुप्फुसात जातं. पायाच्या जखमेत तयार झालेली रसायनं आणि जंतूंचे तुकडे यांना वाटेत लागणारं केशवाहिन्यांचं पहिलं जाळं फुप्फुसातलं असतं. शिवाय माणूस नुसता बसलेला असला तरी दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त या जाळ्यातून जातं. म्हणजे शरीरातलं सगळं रक्त जवळजवळ मिनिटाला एकदा तिथून फिरून येतं.

दुसरं कारण मापाचं आहे. फुप्फुसातल्या केशवाहिनीची रुंदी साधारण ५ ते ८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी यांतल्या अनेक वाहिन्यांपेक्षा मोठी. निरोगी माणसातही तिला लांबट होऊन, अंग चोरून या वाहिन्यांतून सरकावं लागतं. तिसरं कारण भिंतीच्या पातळपणाचं. रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. प्राणवायू आरपार जाण्यासाठी तो तसाच हवा, पण त्यामुळे थोडी इजाही त्याला पेलत नाही.

जखमेत जंतू वाढू लागले की ते आहेत हे शरीराला कळतं कसं? आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर जंतूंचे ठरावीक तुकडे ओळखणारी प्रथिनं असतात. ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. तो ओळखणारं प्रथिन म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर ४, हे अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ साली दाखवून दिलं. त्या कामासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस हे जखमांमध्ये नेहमी आढळणारे जंतू. त्यांच्यात एंडोटॉक्सिन नसतं, पण त्यांच्या आवरणाचे तुकडे ओळखायला टोल-लाइक रिसेप्टर २ असतो. वाट वेगळी, पुढचा परिणाम बराचसा सारखा.

बॉयटलर यांच्या शोधात उंदरांची एक खास जात होती, आणि या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे. या उंदरांमध्ये टोल-लाइक रिसेप्टर ४ बिघडलेला असतो. इतर उंदीर मरतील इतकं एंडोटॉक्सिन टोचलं तरी त्यांना काही होत नाही. मात्र त्याच उंदरांना खरे, जिवंत साल्मोनेला जंतू अगदी थोड्या प्रमाणात दिले तर ते मरतात, कारण जंतू आल्याचं त्यांच्या शरीराला वेळेवर कळतच नाही. जी यंत्रणा अतिरेक करून जीव घेते तिच्यावाचून जगताही येत नाही. पुढची सगळी अडचण यातूनच येते.

ओळख पटली की पेशीच्या आत निरोप जातो, एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि दाह (जंतूंविरुद्ध उठणारी सूज) वाढवणारी जनुकं चालू होतात. त्यातून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ अशी रसायनं बाहेर पडतात. यांना एकत्रितपणे सायटोकाइन म्हणतात. त्यातलं इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला लावतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेला दिसतो तो असा. जखम छोटी असेल तर ही रसायनं जखमेपुरती राहतात, तिथे रक्तपुरवठा वाढवतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि काम उरकतं. सेप्सिसमध्ये ती रक्तातून सगळीकडे पोहोचतात आणि जिथे जंतू नाहीत तिथेही लढाईची तयारी सुरू होते.

फुप्फुसात या तयारीचा अर्थ फार वाईट निघतो. सायटोकाइन लागले की न्यूट्रोफिल पेशी ताठर होते. एरवी अंग चोरून सरकणारी ही पेशी आता वाहिनीत अडकते. त्याच वेळी वाहिनीच्या आतल्या अस्तरावर तिला धरून ठेवणारी प्रथिनं उगवतात. अशा लाखो पेशी फुप्फुसांत येऊन अडकतात. एकदा जागेवर बसलेली आणि चेतवलेली न्यूट्रोफिल जंतू मारण्यासाठी जे सोडते तेच इथेही सोडते: प्रथिनं कापणारं इलॅस्टेज, प्राणवायूपासून बनणारी दाहक रसायनं, आणि स्वतःच्याच डीएनएच्या धाग्यांचं जाळं. हे जाळं २००४ साली पहिल्यांदा सविस्तर वर्णन केलं गेलं. जंतूंना अडकवायला ते उत्तम, पण त्या धाग्यांवरची हिस्टोन नावाची प्रथिनं आपल्या वाहिन्यांच्या अस्तराला विषासारखी लागतात.

या अस्तराविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण सेप्सिसमधली फुप्फुसाची इजा मुख्यतः त्याचीच इजा आहे. केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्यांचा एक नाजूक थर असतो. दाहामुळे हा थर झडतो, पेशींना जोडणारी प्रथिनं सैल पडतात, अँजिओपोएटिन-२ नावाचं रसायन त्या आणखी सैल करतं, आणि पेशींमध्ये फटी पडतात. त्याच अस्तरावर एरवी रक्त गोठू न देण्याची जबाबदारी असते. ती सुटते, टिश्यू फॅक्टर नावाचं रक्त गोठवायला लावणारं प्रथिन वर येतं आणि बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या धरू लागतात.

साक्री-धुळ्याकडे पांझरेवर फड बागायत चालते, ती पाहिलेल्यांना पुढचं लगेच कळेल. बंधाऱ्यावरून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून वाफ्यावाफ्याला मोजून पाणी, आणि सगळ्यांवर पाटकऱ्याची नजर. एखाद्या चारीचा काठ खचला आणि पुढे तीच चारी गाळाने बुजली, तर वरच्या शेतात नको इतकं पाणी तुंबतं आणि शेवटच्या शेताला थेंब मिळत नाही. बंधाऱ्यात पाणी तितकंच असतं. सेप्सिसमधल्या फुप्फुसाचं नेमकं हेच होतं. फटींमधून प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, उतरतं, तर गुठळ्यांमुळे काही भागांना रक्तच पोहोचत नाही. जिथे रक्त आहे तिथे हवा नाही, आणि जिथे हवा जाते तिथे रक्त नाही.

दोन्ही फुप्फुसांत मिळून वायुकोश तीस कोटींहून अधिक, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर. प्रत्येक कोशाच्या आत सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर असतो. श्वास सोडल्यावर कोश मिटून चिकटू नये ही त्याची करामत. हा थर बनवणाऱ्या पेशी आणखी एक काम करतात: कोशात आलेलं पाणी उपसून बाहेर काढणं. दाहात या पेशी मार खातात. नवा सर्फॅक्टंट बनत नाही, जुना आत शिरलेल्या प्रथिनांमुळे निकामी होतो, पाण्याचा उपसा थांबतो. कोश पाण्याने भरतात नाहीतर मिटतात. मेलेल्या पेशी आणि प्रथिनं यांचा काचेसारखा थर त्यांच्या भिंतींवर बसतो. फुप्फुस जड आणि कडक होतं. एका-एका श्वासाला छाती ताणावी लागते, म्हणून माणूस भराभर, उथळ श्वास घेतो. आणि मास्कमधून कितीही प्राणवायू सोडला तरी रक्तातलं प्रमाण हवं तितकं वर जात नाही, कारण बरंचसं रक्त पाणी भरलेल्या कोशांना वळसा घालून तसंच पुढे निघून जातं.

डॉक्टर याला एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचं वर्णन पहिल्यांदा एकत्र मांडलं. त्यांचे मूळ आजार निरनिराळे होते, तरी फुप्फुसांचं झालेलं नुकसान एकसारखं होतं. आज एआरडीएसच्या कारणांत न्यूमोनिया आणि सेप्सिस सर्वांत वर आहेत.

आता सलाईनचं. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की ‘एक बाटली लावून द्या’ असं सर्रास सांगितलं जातं. सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळतो तेव्हा सुरुवातीला सलाईन लागतंच, त्याने जीव वाचतो. पण वाहिन्यांना फटी पडलेल्या असताना गरजेपेक्षा जास्त दिलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. म्हणून अतिदक्षता विभागात रक्तदाब सावरल्यावर हात आखडता घेतात, लघवी मोजतात, कधी लघवी वाढवणारं औषधही देतात. आपल्या माणसाला सलाईन कमी लावलं, हे दुर्लक्ष झाल्याचं लक्षण मानू नये.

मग दाहच बंद का करू नये? हा प्रयत्न झाला, आणि फार मोठ्या आशेने झाला. १९८५ साली उंदरांवर दिसून आलं की टीएनएफला अडवणारी प्रतिपिंडं आधी दिली तर एंडोटॉक्सिनमुळे येणारा मृत्यू टळतो. नव्वदच्या दशकात माणसांवर तशी औषधं वापरून पाहिली. अपेक्षित फायदा दिसला नाही. सक्रिय प्रोटीन-सी हे गुठळ्या आणि दाह दोन्हींवर चालणारं औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि पुढच्या चाचणीत उपयोग दिसला नाही म्हणून २०११ साली बाजारातून काढून घेतलं गेलं. टोल-लाइक रिसेप्टर ४ ला अडवणारं इरिटोरान हे औषधही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं.

कारणं विचार करायला लावणारी आहेत. प्रयोगशाळेतल्या उंदराला औषध आधी देता येतं. खरा रुग्ण येतो तेव्हा सायटोकाइनची पहिली लाट अनेकदा उलटून गेलेली असते. आणि दाहाच्या जोडीनेच पांढऱ्या पेशी थकण्याचीही प्रक्रिया चालू असते. काही दिवसांत रुग्णाची प्रतिकारशक्ती इतकी ढासळते की त्याला नवे संसर्ग होतात. अशा वेळी दाह दाबणारं औषध त्याला आणखी उघडं पाडतं. एकाच गावचे, एकाच वयाचे दोन रुग्ण एकाच दिवशी या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात.

स्टेरॉइडबद्दल हेच लक्षात ठेवायचं. अँटिबायोटिक चालू असताना, रक्तदाब औषधांनीही सावरत नसेल तर, ठरावीक मात्रेत हायड्रोकॉर्टिसोन देतात. गंभीर न्यूमोनियातही त्याचा फायदा २०२३ च्या एका चाचणीत दिसला आहे. पण निदान न करता, ताप उतरावा आणि लगेच बरं वाटावं म्हणून गावात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. ताप खाली येतो, माणूस उठून जेवतो, आणि जंतू तोवर मोकळे वाढत राहतात. हे मी अगदी कळवळून लिहितो आहे, कारण त्या उसन्या बरेपणात जे एक-दोन दिवस जातात तेच सर्वांत मोलाचे असतात.

त्या मोलाला आकडा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य अँटिबायोटिक सुरू व्हायला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. अँटिबायोटिक आणि जंतूंचं मूळ ठिकाण साफ करणं, म्हणजे पू काढणं, सडलेला भाग कापणं, अडकलेली लघवी मोकळी करणं, हेच खरे उपचार. बाकी सगळं फुप्फुसाला सावरायला वेळ मिळवून देण्यासाठी.

त्या ‘बाकी’मध्ये दोन गोष्टींनी पुष्कळ जीव वाचवले. पहिली व्हेंटिलेटरचा श्वास लहान ठेवणं. पाणी भरलेल्या फुप्फुसात हवा घेऊ शकणारा भाग थोडाच उरतो. नेहमीइतकी हवा ढकलली तर तो थोडा भाग ताणून फाटतो आणि त्या ताणानेच आणखी सायटोकाइन सुटतात. २००० सालच्या ८६१ रुग्णांवरच्या चाचणीत उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. साडेपाच फूट उंचीच्या पुरुषाला हे सुमारे ३८० मिलिलिटर होतात. दुसरी गोष्ट पालथं झोपवणं, जी करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ऐकली. उताणं झोपल्यावर पाठीकडचे कोश दबतात, आणि रक्त तर तिथेच जास्त असतं. पालथं केल्यावर ते कोश उघडतात. गंभीर एआरडीएसमध्ये रोज निदान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आलं, असं २०१३ साली दिसलं.

खानदेशात या सगळ्याला दोन गोष्टी जोडून पाहाव्या लागतात. एक सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार आढळतो. त्यात लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते, आणि न्यूमोकॉकससारखे आवरण असलेले जंतू रक्तातून गाळून काढणं हे प्लीहेचंच काम असतं. त्यामुळे अशा मुलाचा साधा दिसणारा ताप काही तासांत सेप्सिस होऊ शकतो, आणि फुप्फुसाच्या वाहिन्यांत विळ्याच्या आकाराच्या लाल पेशीही अडकत असल्याने छाती आणखी वेगाने बिघडते. लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात, हे १९८६ सालीच सिद्ध झालं आहे. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. सिकलसेलच्या मुलाला ताप आला की सकाळ होण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट उन्हाळा. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ताप, ग्लानी, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, हे सगळं ‘ऊन लागलं’ यात जमा होतं. पन्हं, कांद्याचा रस, ओलं फडकं, थंड खोली. उष्माघात खराच असतो आणि तोही तितकाच तातडीचा. पण सेप्सिसचीही लक्षणं हीच. अंगावर जखम, लघवीला जळजळ, नुकतंच बाळंतपण, मधुमेह, खोकला यांपैकी काही असेल तर मे महिन्यातही सेप्सिसचा विचार आधी करायचा.

घरच्या घरी बघता येण्याजोगं लक्षण म्हणजे श्वास. माणूस शांत पडलेला असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीची वर-खाली मोजायची. त्याला सांगू नये, नाहीतर श्वास बदलतो. मोठ्या माणसात मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, बोलण्यात गोंधळ, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याहून खाली, या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी दिसल्या तर १०८ ला फोन करून अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी निघायचं. बोटावरचं ऑक्सिमीटर तेव्हा ९५ दाखवत असेल, तरीही. शरीर श्वास वाढवून तो आकडा काही काळ टिकवून धरतं, आणि आकडा घसरतो तेव्हा कोश भरलेले असतात.

वाचलेल्यांचं पुढे काय होतं, हे घरच्यांना कुणी फारसं सांगत नाही. फुप्फुसं बरीच सावरतात. मॅक्रोफेज पेशी मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून साफ करतात, सर्फॅक्टंट बनवणाऱ्या पेशी विभागून वायुकोशाची भिंत पुन्हा उभारतात, पाणी उपसलं जातं. काहींच्या फुप्फुसात मात्र व्रण राहतात. कॅनडात एआरडीएसमधून वाचलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा केला गेला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी त्यांच्या फुप्फुसांच्या तपासण्या जवळजवळ सामान्य होत्या, तरी सहा मिनिटांत ते चालू शकले ते अंतर अपेक्षित अंतराच्या ७६ टक्केच होतं. कमी पडत होते ते स्नायू, आणि मनही. म्हणून घरी आलेल्या माणसाला ‘आता तर बरा झालास, कापूस वेचायला चल’ असं पंधरा दिवसांत म्हणू नये. त्याला डाळी, अंडी, दूध भरपूर द्यावं, रोज थोडं चालणं वाढवत न्यावं, आणि श्वास पुन्हा वाढला, ताप आला किंवा जुनी जखम ओली झाली तर पहिल्या दिवशीच दाखवावं. सेप्सिसमधून उठलेल्यांना पुढचे काही महिने पुन्हा संसर्ग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.